गळ्यातली थोरली

देवीपुढे मी एकदा फार वाईट मागणं मागायला गेले होते. लिहिताना आजही लाज वाटते. पण जे घडलं ते त्या मागण्यापासूनच घडलं, म्हणून लपवत नाही.

मी जानेफळच्या मास्तरांची मुलगी, बीबी गावच्या बिजवराला दिलेली. लग्न लागलं आणि सासूबाईंनी माझ्या गळ्यात चांदीचा टाक घातला. लहानशा पत्र्यावर एक बाई उठवलेली, मोठे डोळे आणि हातात फूल. ही माझी मेलेली सवत. घरात तिला थोरली म्हणत. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. पुरण शिजलं की पहिला घास तिचा. जिवंत असून मी तिचं उष्टं खाणारी! माझा नुसता जळफळाट व्हायचा. यजमान तिचं नावही काढत नसत, तर त्याचाही मला राग. एवढी मनात जपून ठेवली आहे म्हणूनच ओठांवर येत नाही, असं मी धरून चालले होते.

वर्षाच्या आत मला ते होऊ लागलं. दुपारची जेवणं आटोपून पाठ टेकली की डोळे उघडे, ओसरी दिसतेय, सासूबाई तूर पाखडतात तो आवाज येतोय, पण हात हलत नाही आणि जीभ वळत नाही. छातीवर कोणीतरी बसलेलं. सुटले की अंग घामाने निथळत असे.

“थोरलीच बसते तुह्या छातीवर,” सासूबाई म्हणाल्या. “तिले मान कमी पडून राह्यला.”

मग लोखंडाला ती भिईल म्हणून माझ्या उशाशी विळा आला आणि टाकाला रोज दूधसाखर. म्हणजे बाईने माझ्या छातीवर बसायचं आणि वर दूधसाखर खायची! जिवंत माणसाचा मी कधी इतका द्वेष केला नाही.

नवरात्रात आम्ही दोघं बैलगाडीने लोणारला गेलो. सासूबाईंचे गुडघे धरले होते, त्या घरी राहिल्या. उतारावरून तळ्याकाठच्या कमळजादेवीपाशी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. यजमान नारळ आणायला गेले तसा मी टाक गळ्यातून काढून मुठीत धरला आणि देवीला म्हटलं, “माय, इले घेऊन जाय. माहा मानूस माह्या एकटीचा पाह्यजे मले.” टाक तळ्यात फेकायचा होता, पण काठाला माणसं फार. गर्दी ओसरेपर्यंत झाडाखाली बसले. उपासाचं अंग, डोळा लागला. आणि तिथंच, भर दुपारी, मला पुन्हा दाबलं.

कोणीतरी पायाचा अंगठा धरून जोरात ओढला, तेव्हा मी सुटले. समोर बांगड्यांची टोपली घेऊन एक म्हातारी मनियारीण बसली होती, रोहिणखेडहून यात्रेला आलेली. तिने तांब्याभर पाणी दिलं. मी रडत रडत सवतीचं सगळं तिच्यापुढे ओकले. ती चक्क हसली.

“मले बी दाबते ते, बेटी. आमच्यात त्याले जिन म्हंतात. बुलढाण्याले सायबाच्या बंगल्यावर आया हाये, ते सांगे का मेमच्या मुलकात बुढ्ढी येऊन बसते छातीवर. आता मले सवत नाही, मेमले सवत नाही. मंग तुही सवतच काऊन बदनाम?”

“मंग कोन बसते, चाची?”

“खुदा जाने. पन झटू नोको. जितकी झटशीन तितकं दाबते. पडून राह्य, तुह्या देवाचं नाव घे. आपोआप उतरते.”

ती टोपली उचलून गर्दीत गेली. या परक्या बाईला माझ्या घरातलं काय कळतंय, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. पण टाक फेकायला हात उठेना.

परतीच्या वाटेवर यजमान गाडी हाकत होते, माझ्याकडे पाठ करून. मी पहिल्यांदाच विचारलं, “थोरली कशी होती?”

त्यांनी बैलांचा कासरा सैल सोडला.

“तुले राग येते म्हून कधी बोललो नाही,” ते म्हणाले. “तिले बी दाबे. लगन होऊन आली तवापासून. दुपारची पडली का छातीवर कोनी बसलं म्हने. मायले वाटे, माहेराहून काही लागून आली. तिच्याजवळ कोनी बसे नाही. म्या बी नाही. बिचारी भेत भेतच गेली.”

मी गाडीतच हमसून हमसून रडले. तीच ओसरी, तीच दुपार, तेच ओझं. फक्त तिचा अंगठा ओढायला कोणी आलं नव्हतं. टाक मी माझ्याच हाताने पुन्हा गळ्यात घातला.

ती मनियारीण नेमकी त्या झाडाखाली का आली, हे मी कोणाला पटवायला जात नाही. देवीआईने पाठवली, एवढं मला पुरतं. मत्सर मुळासकट गेला असं म्हटलं तर खोटं होईल. यजमान आता कधीमधी तिच्याविषयी बोलतात आणि मला आत चुरचुरतं. तेही मी आईच्या पायाशी ठेवते, जसं आहे तसं. दाबणं अजून चालूच आहे. पण मी झटत नाही. आईचं नाव घेते, आणि ते उतरेपर्यंत मी आणि गळ्यातली थोरली, आम्ही दोघी मुकाट पडून राहतो.