असंच भरा

बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडून मी अकोल्याला निघाले, तेव्हा तीन दिवसांच्या खटपटीने माझ्या डोक्याचं पार भजं झालं होतं. काम औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याचं. त्यांच्या अमरावतीच्या दुकानातल्या साठ्याची नोंद एका कंपनीच्या क्लाउडवर, अकोल्याची दुसऱ्या कंपनीच्या. दोन्हीकडे आभासी नेटवर्क उभारायचं आणि ती दोन्ही टनेलने, इंटरनेटमधून काढलेल्या खासगी वाटेने, जोडायची, म्हणजे इथल्या माणसाला तिथलं इन्सुलिन दिसेल. टनेल जोडलं गेलं होतं, पडद्यावर हिरवा दिवा ऐटीत लागला होता, पण पलीकडून एक अक्षर येईना.

अमरावतीत राहून मिळालेलं हे माझं पहिलं मोठं काम. हे गेलं की पुन्हा पुण्याची नोकरी. आई आता मला कधी ओळखते, कधी नाही. तिला पुण्याच्या फ्लॅटमध्ये कोंडायचं की इथे एकटं सोडायचं, या विचाराने मी गाडीत चक्क रडत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "घरचं कोनी गेलं का वो?" मी नाही म्हटलं आणि नाक पुसलं.

अकोल्याच्या दुकानातले संगणक सांभाळणारे गृहस्थ पन्नाशीचे. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांनी आधी पाणी दिलं, मग त्यांच्या क्लाउडचं पान उघडलं. पहिल्याच ओळीत मला दिसलं. दोन्ही नेटवर्कना अगदी तेच पत्ते दिलेले होते. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर असला तर पोस्टमनने काय करावं?

महिन्यापूर्वी मीच काकांना अमरावतीच्या सेटिंगचा फोटो पाठवला होता आणि खाली घाईत लिहिलं होतं, 'असंच भरा.' त्यांनी तसंच भरलं, आकडा न् आकडा. पत्ते तेवढे वेगळे द्या, हे सांगायला मी विसरले. तीन दिवस मी दोन्ही कंपन्यांना शिव्या घालत होते आणि स्वतःचं काम तपासायचं मला सुचलं नव्हतं.

मालक मागे येऊन उभे राहिले. "काय निघालं, मॅडम?"

"दोन्हीकडे एकच पत्ते आहेत. इथलं नेटवर्क नव्याने बांधावं लागेल. चार तास विक्री बंद."

"बंद? कोनं भरले हे पत्ते?"

मी पडद्यावरचे आकडे पुन्हा वाचू लागले. काका म्हणाले, "मी भरले, मालक. चूक झाली माही." मालक त्यांना गिऱ्हाइकांसमोर जे बोलले, ते मी खाली मान घालून ऐकलं.

मालक गेल्यावर मी पुटपुटले, "काका, काहून घेतलं अंगावर?"

"मले सवय हाय बोलनं खायची," ते म्हणाले. "तुमचं काम गेलं तं तुमी पुन्याले जासान. मंग आईजवळ कोन राहीन?"

आईचं मी त्यांना फोनवर कधीतरी सांगितलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी उठून मालकांकडे गेले नाही. नवं नेटवर्क बांधायला घेतलं. मी सर्व्हर हलवला, काकांनी काउंटरवरचा एकेक संगणक नव्या पत्त्यावर वळवला. चारच्या सुमाराला अमरावतीचा साठा अकोल्यात दिसू लागला. काकांनी आनंदाने तिथल्या गोळ्यांची नावं मोठ्याने वाचून दाखवली.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. वर्षभराची देखरेख तुमच्याकडेच, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ते पुढे म्हणाले, "आता सगळं अमरावतीहूनच दिसते न? मंग याले कायले ठेवू? काम तं बिघडवूनच राहिला. पुढच्या महिन्यापासून याले बंद."

"चूक त्यांची नव्हती," मी म्हणाले. "माझी होती. ते पत्ते मीच पाठवले होते."

मालक हसले. "राहू द्या, मॅडम. मन मोठं हाय तुमचं."

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली. तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं, ओरडून सांगायला हवं होतं. मी चहा संपवला. ते काम आजही माझ्याकडेच आहे.