शोधताना काय बघता?

आमच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात राजमती मगदूम रुजू झाली, त्या पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं, "काका, माझी खुर्ची हलवू नका. हलवलीच तर तोंडानं सांगा." ही बाई जड जाणार, हे मी तेव्हाच ओळखलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिची नजर गेली. पुढचं शिक्षण तिने कानांनी केलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ती इतक्या वेगात लावते, की शेजारच्याला नुसती किरकिर ऐकू येते.

आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहितो. दूध आलं, फॅट मोजलं, स्लिप निघाली, शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज गेला. काम एवढंच. पण बारा वर्षांत बारा जणांचे हात लागून कोड असा माजलाय, की लिहिण्यापेक्षा शोधण्यातच दिवस जातो. त्या रानात राजमती सहा वर्षं आमच्यापेक्षा सहज वावरत होती.

गेल्या दिवाळीनंतर आमचे मालक विजयसिंह यांनी कोड लिहायचा प्रोग्रॅम बदलला. नवा दिसायला देखणा. शब्द शोधला की सापडलेल्या ओळी पिवळ्या होतात. आता पिवळा रंग कानाला काय कळणार? तिला प्रत्येक ओळीआधी फाइलचा लांबलचक पत्ता ऐकावा लागे. चारशे ओळी, चारशे पत्ते. आमचं दहा मिनिटांचं काम तिला दुपारपर्यंत पुरू लागलं.

महिनाभर मालकांनी बघितलं. मग एका सोमवारी तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "एक तारखेपासनं तुम्ही फोनवर बसा. संस्थांच्या तक्रारी घ्यायच्या. आवाज गोड हाय तुमचा."

कोडचं काम एकदा हातातून गेलं की परत मिळत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"आठ दिवस द्या साहेब," ती म्हणाली. "शोधायचं काहीतरी करून दाखवते. नाही जमलं तर बसते फोनवर."

मालक बरं म्हणाले.

मला वाटलं, आता ही डोकं खाली घालून लिहीत बसेल. तर ही खुर्ची ओढत प्रत्येकाच्या टेबलाशी! माझ्याकडे आली तेव्हा मी आधीच वैतागलेलो होतो.

"काका, कायतरी शोधा. आणि शोधताना काय बघता ते मोठ्यानं सांगा."

"पहिल्या तीन ओळी बघतो."

"मग?"

"मग कंटाळतो आणि कृष्णातला हाक मारतो."

कृष्णात आमचा सगळ्यात जुना प्रोग्रॅमर. ती त्याच्याकडे वळली. "आणि तुम्ही कुणाला विचारता?"

कृष्णात मान खाजवत म्हणाला, "तुम्हालाच की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. डोळे असून आम्ही तिच्यापेक्षा फार काही बघत नव्हतो. तिला फोनवर पाठवलं असतं तर आम्ही विचारणार कुणाला, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि त्याची मला लाज वाटली.

आठव्या दिवशी सकाळी एका संस्थेच्या सचिवांचा फोन. "ओ पावणं, स्लिपवर फॅट सहा पॉइंट आठ आणि मोबाइलवर साडेसहा? लोकं माझ्या अंगावर याय लागल्यात."

कृष्णातने फॅट शोधलं, पडदा पिवळाजर्द. मालक त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि त्यांचा आवाज चढत चालला होता. तेवढ्यात राजमतीने हेडफोनची वायर उपसली. तिचा कॉम्प्युटर सगळ्यांना ऐकू येईल असा बोलला. एकूण चारशे बारा ओळी. त्यातल्या तीन ठिकाणी फॅटचा आकडा ठरतो. बाकी सगळीकडे तो नुसता दाखवला जातो. मग त्या तीन जागांची कामं सांगितली: मशीनकडून घेणे, स्लिपसाठी तयार करणे, मेसेजसाठी तयार करणे. पत्ता विचारल्याशिवाय सांगायचाच नाही, अशी तिने सोय केली होती.

"तिसरी," मालक म्हणाले. ते स्वतः कोड लिहीत नाहीत, तरी त्यांना कळलं. मेसेजसाठी आकडा खालच्या अर्ध्या पॉइंटवर आणला जात होता, म्हणून सहा पॉइंट आठचे साडेसहा. संध्याकाळच्या दुधाआधी दुरुस्ती संस्थांकडे गेली.

"हे सगळ्यांच्या मशीनवर घाला," मालक तिला म्हणाले. "आणि ते फोनचं ऱ्हाऊ दे."

ती माझ्या मशीनवर बसवायला आली, तेव्हा मी एक गोष्ट कबूल केली. ती मी आत्तापर्यंत तुम्हालाही सांगायची टाळली. फोनची कल्पना मालकांची नव्हती, माझी होती.

"तुझा तरास कमी व्हावा म्हणून बोललो," मी म्हणालो.

तिचे हात कीबोर्डवर थांबले.

"तरास कमी व्हावा म्हणून मी नोकरी धरली न्हाई, काका," ती म्हणाली, आणि उरलेलं काम पुरं करूनच उठली.