पलंगाखालची जागा

गाड्यांची सीटकव्हरं शिवण्यात तिची हयात गेली. सगळे तिला सीटवाली काकू म्हणत. नवरा शाळेची बस चालवायचा. तो निवृत्त झाला त्याच वर्षी शाळेने जुनी मिनीबस विकायला काढली आणि त्याने ती घेऊन टाकली. आतली आसनं उपटून ओटा, कपाट, मागे आडवा पलंग असं छोटं घरच केलं. गाद्या आणि पडदे तिने शिवले. आता दोघांनी फिरायला निघायचं, एवढंच बाकी होतं.

अडलं ते पलंगापाशी. पन्नाशी उलटली तशा तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. तिला पंखा पाचवर हवा, तर दोनवर ठेवला तरी नवऱ्याचे सांधे कुरकुरत. दोन वर्षं ती आतल्या खोलीत झोपत होती आणि तो बाहेर दिवाणावर. भांडण काही नव्हतं. सवय लागली होती, आणि त्या सवयीचीच तिला धास्ती वाटायची. बसमध्ये पलंग एकच होता.

"एसी बसल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही," तिने सांगून टाकलं.

"बसवू की. मी कानटोपी घालीन."

"फिरायला निघालोय का बर्फ फोडायला?"

एसीवाला आला तो मान पुसतच. त्याने वर बोट दाखवलं. "टपावर बसवून देतो. बॅटरीवर चालेल, इंजिन चालू ठेवायला नको. झोत सरळ पलंगावर."

नवऱ्याचा हात आपसूक गुडघ्यावर गेला. "आणि टपावरचं सोलर?"

"अर्धं काढावं लागेल."

"मग बॅटरी भरायची कशावर? हिच्या वाफेवर?"

एसीवाला खो खो हसला. तिने नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि मग तिलाही हसू आलं.

"दुसरा प्रकार आहे," एसीवाला म्हणाला. "यंत्र पलंगाखाली. पाइप फिरवून हवा पाहिजे तिथे काढायची. टप मोकळा राहतो, पण खालची जागा सगळी जाते."

पलंगाखाली नवऱ्याची लोखंडी पेटी होती. पाने, पट्टे, बस चालवताना जमवलेले सुटे भाग. पेटी मावावी म्हणून त्याने पलंग चांगला वीतभर उंच करून घेतला होता. ती काढा म्हणायला तिची जीभ रेटेना.

"टपावरचाच बसवा," ती म्हणाली. "मी थोडा वेळ लावीन आणि बंद करीन."

एसीवाल्याने तरीही टेप काढला. "काकू कुठल्या बाजूला झोपतात?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग नवरा म्हणाला, "खिडकीकडे. पहिल्यापासून."

तो वाकला आणि पेटी ओढायला लागला.

"अहो, वाटेत काही बिघडलं म्हणजे?"

"बसू रस्त्याकडेला. तुला कुठे हजेरी लावायचीय?"

पेटीतले चार पाने तेवढे त्याने काढून घेतले आणि पुढच्या सीटखाली सरकवले.

यंत्र बसलं. हवेची जाळी खिडकीच्या बाजूला, तिच्या उशाशी आली. तोवर तिने मशीनवर एक पांघरूण शिवून ठेवलं होतं. पांघरूण एकच, पण अर्धं जाड, आत कापूस भरलेलं, आणि अर्धं नुसतं पातळ सुती.

"हे काय, कापड कमी पडलं?" त्याने विचारलं.

"जाड बाजू तुमची. ओढाओढ करायची नाही."

भर दुपारी गाडी उन्हात उभी करून दोघं आडवी झाली. यंत्र हलकेच घुमत होतं. तिच्या गालाला गार झुळूक लागली. त्याने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि बघता बघता घोरायला लागला. भिंतीपलीकडून ऐकू यायचं तेव्हा तिला त्या घोरण्याची कटकट वाटायची. आताही वाटली.

तिने कोपराने ढोसलं. तो कूस बदलून तिच्याकडे वळला.

"उद्या निघायचं ना?" तिने विचारलं.

"हं," तो झोपेतच म्हणाला.