लहानूभाऊंच्या बोटाचं ग्रीस

पडदा वर जातो तेव्हा दिसतं ते ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागचं पत्र्याचं दुकान. दाराशी ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या एकावर एक रचलेल्या, आत ॲसिडचा वास, आणि मधोमध स्टुलावर, चष्मा कपाळावर सारून बसलेला लहानू. धान घरात आल्यावर इथल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं रंगत, त्यांच्या भोंग्यांच्या बॅटऱ्या तीस वर्षं याच्याच हातच्या. नायकाचं भाषण मध्येच मुकं झालं, असं एकदाही घडलं नाही. त्याचा लहानूला भारी अभिमान.

हाताला एक सवय होती. बॅटरी बसवली की तिच्या टोकांना तो ग्रीस चोपडायचा, म्हणजे ती गंजत नाहीत. ट्रॅक्टरवाले खूश असत.

दोन हजार सहाच्या आषाढात कॉलेजच्या हर्षा मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. जुनी बॅटरी मेलेली, नवी आणलेली, पण खटका तुटल्यामुळे ती बसेना. मॅडमना आरमोरीजवळच्या चंदाबाईची रोवणीची, म्हणजे धानाच्या लावणीची, गाणी त्यात भरायची होती. कॉलेजचा टेप कधीचाच बिघडला होता, आणि बांधीत, धानाच्या चिखलात, वीज कुठली? चंदाबाई ऐंशीची. ती म्हणायची ती गाणी आता दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

लहानूनं खटका नीट केला, बॅटरी बसवली आणि सवयीनं बोट ग्रीसच्या डब्यात घातलं. लाईन गेलेली, त्यामुळे चालवून पाहणं राहिलं.

तिसऱ्या दिवशी मॅडम परत आल्या. "लहानूभाऊ, बॅटरी चार्जच होत नाई."

लहानूनं चार्जरला मीटर लावलं. काटा जिथं यायला हवा, नेमका तिथं आला. म्हणजे चार्जर ठणठणीत. खोट होती ती पुढे, आणि पुढे फक्त त्याचाच हात फिरला होता. पण तीस वर्षांत जे झालं नाही ते कबूल करायला जीभ वळेना.

"चार्जर गेला, मॅडम."

"बॅटरी बदलायच्या आधी तर चालत होता."

"नवी बॅटरी जास्त ओढते. नागपूरले जा, नवा आणा."

"पक्कं ना भाऊ?"

"अन् मी इथी तीस साल काय भजे तळून राह्यलो का?"

मॅडम हसल्या आणि नागपूरची बस धरली. तो चार्जर तिथं नव्हता, मागवावा लागला. अठरा दिवस गेले. रोज सकाळी दुकानासमोरून रोवणीच्या बायांनी भरलेल्या जीपा जायच्या आणि लहानू मान खाली घालून उगाच पाना शोधायचा.

नवा चार्जर आला, तरी लॅपटॉपचा चार्जिंगचा दिवा लागेना. "दोन्ही चार्जर ठेवून जा," तो म्हणाला. मॅडम गेल्यावर त्यानं बॅटरी काढली. नखाएवढ्या तांब्याच्या पट्ट्या ग्रीसखाली पार बुजून गेल्या होत्या, वीज जायला वाटच नव्हती. स्पिरिटच्या फडक्यानं पुसल्या, जुनाच चार्जर लावला. दिवा लागला. लहानू बराच वेळ त्या दिव्याकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या हाताले तोड नाई." त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

संध्याकाळी आरमोरीच्या जीपमधून उतरून त्या थेट दुकानात आल्या.

"भेटली का गाणी?" लहानूनं विचारलं.

"रोवणी आटोपली, भाऊ. लय विनवलं. बाई म्हणते, चिखलात पाय नसताना हे गाणं म्हटलं तर धान रुसते. म्हणे, पुढच्या साली ये, मी राह्यली तर." त्या स्टुलावर टेकल्या. "जाऊ द्या. तुम्ही तर मेहनत केली. पण बिघाड होता तरी काय?"

लहानूनं ग्रीसचा डबा उचलून त्यांच्यासमोर ठेवला. झाकण काढलं.

"हे मी लावलं होतं," तो म्हणाला. मॅडमना काही कळेना, तसा तो पुढे बोलला, "चार्जर पह्यल्यापासून चांगलाच होता, मॅडम. मले मीटरवर दिसलं होतं."