फॅक्सची चौकट

लिफ्टमध्ये शिरून बटण दाबता. पण तिच्या टपावर उभं राहून जो माणूस ती दुरुस्त करतो, तो संध्याकाळी दोन पायांवर घरी गेला का, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय? नाही ना? वाटलंच. मग आता चिठ्ठीबाईचं ऐकून घ्या.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ती एकवीस वर्षं खिडकीजवळच्या टेबलाशी बसते. तक्रारीचा फोन आला की जुन्या कॉम्प्युटरवर इमारत शोधायची, चिठ्ठी छापायची, मेकॅनिकच्या हातात द्यायची. म्हणून नाव चिठ्ठीबाई. चिठ्ठीवर चारच गोष्टी छापून येतात: इमारत, पत्ता, फोन, फॅक्स. पडद्यावर 'शेरा' म्हणून एक मोठी चौकट आहे, पण ती छापलीच जात नाही. ज्याने हा प्रोग्राम केला तो केव्हाच काम सोडून गेला, आणि चिठ्ठीचा साचा बदलायची अक्कल काही मागे ठेवून गेला नाही.

नऊ वर्षांपूर्वी तिचा दीर, तोही तिथलाच मेकॅनिक, एका इमारतीत गेला. तिथलं तिसऱ्या मजल्यावरचं दार लिफ्ट नसतानाही उघडतं, हे शेऱ्यात लिहिलेलं होतं. चिठ्ठीवर नव्हतं. दार उघडलं, याने पाय टाकला. जीव वाचला, पण तेव्हापासून डावा पाय ओढत गोदामात नटबोल्ट काढून देतो. दार बदला म्हणून इमारतवाल्यांना सांगून सगळ्यांची जीभ झिजली. दार तेच आहे.

दिराला दवाखान्यात बघून आली आणि दुसऱ्या दिवशी तिने फॅक्सच्या चौकटीत लिहिलं: "तिसरा मजला. दार फसवं. आधी खाली बघ." फॅक्स पाठवतंय कोण मरायला! पण ती चौकट छापून तर येते. मग मेकॅनिक येऊन सांगत गेले, ती लिहीत गेली. चारशे बारा लिफ्टच्या खोडी त्या चौकटीत जाऊन बसल्या. नऊ वर्षांत कुणाला खरचटलं नाही. वरच्यांना वाटलं, आपलाच पायगुण.

यंदा तो कॉम्प्युटर दिवसातून तीनदा मान टाकायला लागला. बदला म्हणून पहिली ओरडली ती चिठ्ठीबाईच, हे ध्यानात ठेवा. "बाईला नवं नको" ही बोंब नंतर दुसऱ्यांनी ठोकली. मालकाच्या जावयाने एक सल्लागार आणला. उंटावरचा शहाणा, भाड्याने. जुन्या प्रोग्रामच्या जागी घ्यायचे दोन प्लॅटफॉर्म समोर आले. एकावर चौकटी आपल्या आपण बनवायच्या. त्याला तीन महिने लागणार. दुसरा तयार, मोबाइलवर चालणारा, आठ दिवसांत सुरू. पण चौकटी त्यांच्या, जास्तीची एकही मागायची नाही. सल्लागाराने आठवडाभर दार लावून तुलना केली. एवढ्या दिवसांत चिठ्ठीबाईशी दोनदा बोलला. एकदा घड्याळ बरोबर आहे का विचारलं, एकदा पंखा वाढवायला सांगितला.

मग तिला आत बोलावलं. सही हवी होती. कागदावर छापलं होतं: "जुनी माहिती पूर्ण आली, तपासली."

"तयारवालाच घेतोय," जावई म्हणाला. "तुमचंच काम हलकं होईल, बाई."

तिने दिराच्या त्या इमारतीचं नाव सांगितलं. "हिची चिठ्ठी काढून दाखवा."

सल्लागाराने मोबाइल पुढे धरला. झकपक चिठ्ठी. इमारत, पत्ता, फोन, रंगीत नकाशा, वर हिरवी खूण.

"फॅक्स कुठाय?"

तो हसला. "फॅक्स? या जमान्यात? तो कचरा आम्ही कधीच साफ केला."

चिठ्ठीबाईने दार उघडून हाक मारली, "भावजी, जरा आत या."

दीर पाय ओढत आला. मोबाइल हातात घेऊन त्याने नीट न्याहाळला. "वहिनी, छान आहे हो. माझ्या वेळेला असता तर पडता पडता नकाशा तरी बघितला असता."

सल्लागाराने मोबाइल परत घेतला.

"हे मला कुणी सांगितलं नव्हतं," सल्लागार म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कधी? घड्याळ तेवढं विचारलंत!" चिठ्ठीबाई म्हणाली.

जावई तापला. "पुरे. चौकटीचं मागाहून बघू. शुक्रवारी जुनं बंद होतंय, सही करा."

"मी नाही करत. साफसफाई यांनी केली ना, यांनाच करू दे." तिने कागद सल्लागाराकडे सरकवला. त्याने पेनाला टोपण लावलं. "तशी ती जबाबदारी कंपनीची असते," म्हणाला. तिने कागद जावयाकडे सरकवला. "मग तुम्ही करा, साहेब. आणि उद्या ही चिठ्ठी घेऊन तिसऱ्या मजल्यावर तुम्हीच जा."

जावयाने कागदाला बोट लावलं नाही. बाहेर मेकॅनिक जमले होते. त्यांतला एक दारातूनच म्हणाला, "ताई, खोड लिहिलेली नसेल ती चिठ्ठी आम्ही घेणार नाही."

शुक्रवार आला आणि गेला. चिठ्ठीबाईला उद्धटपणाची नोटीस मिळाली. सल्लागार तीन महिनेवाल्या प्लॅटफॉर्मकडे जणू तो आजच सापडला अशा थाटात बघतोय. जुना कॉम्प्युटर मान टाकतो, ती पुन्हा चालू करते, चिठ्ठ्या निघतात. त्या कागदावर अजून कुणाची सही नाही.

तुमच्या कचेरीतही एखादं जुनं यंत्र हलवायचं घाटत असेल. त्याच्यापुढे रोज बसणारं माणूस असेल ना, उद्या त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, कुठल्या चौकटीत काय लिहिता? ते कळेपर्यंत कशावरही सही करू नका.