सोपान वीर जागीच मेला होता

ड्रेसर मेलेल्याला मेलं म्हणायचे. वाचताना यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या जिंतूरच्या आसपास ज्यांच्या दावणीला कधी जनावर आजारी पडलं असेल, त्यांना विचारा. ड्रेसर गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या नोकरीला होते, त्यावरूनच हे नाव. जनावराचं काही खरं नाही हे डॉक्टरांनाही कळलेलं असायचं, पण त्यांना ते मालकाला सांगवायचं नाही, म्हणून ते काम ड्रेसरांकडे आलं. ड्रेसर खाली बसत, अंगठ्यानं जनावराचा ओठ वर करत, हिरड्यांचा रंग बघत आणि गुडघ्यावर हात टेकून उठताना एकच शब्द बोलत. "गेलं" किंवा "राहतंय."

निवृत्त झाल्यावर त्यांची ही सवय माणसांवर आली. हॉटेलवाला म्हणाला, दुधात पाणी नाही, की ड्रेसर म्हणत, "हिरड्या दाखव." बाबाराव म्हणाले, मी उपवास धरलाय, की पुन्हा तेच. बाबाराव मोंढ्यात कापसाची आडत चालवायचे. ते खरोखर तोंड उघडून दाखवत आणि दातात साबुदाण्याऐवजी भज्याचं पीठ सापडे.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. माझा नातू एका दिवाळीत पुण्याहून आला आणि जाताना एक खोका विसरून गेला. खोक्यात एक जाड इंग्रजी पुस्तक आणि तऱ्हेतऱ्हेचे फासे होते, त्यातला एक तर चक्क वीस बाजूंचा. खेळ असा की प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एकानं गोष्ट चालवायची, राक्षस सोडायचे. पात्रांनी काय करायचं ते खेळणाऱ्यानं सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशानं. पुस्तक वाचता येत होतं म्हणून गोष्ट चालवणं माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी आमच्या गच्चीवरच्या पत्र्याखाली आम्ही चौघं बसू लागलो: मी, ड्रेसर, बाबाराव आणि आरोग्य उपकेंद्रातून निवृत्त झालेल्या सिस्टर. पुस्तकातल्या किल्ल्यांची नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून मी सगळे राक्षस चारठाण्याच्या जुन्या देवळांखालच्या भुयारात आणून ठेवले. असं भुयार आहे की नाही मला माहीत नाही. बाबारावांनी मात्र ते लहानपणी पाहिलं होतं.

सिस्टर जादूगारीण झाल्या. बाबाराव चोर झाले, आणि का ते कुणी विचारलं नाही. ड्रेसरांनी सोपान वीर नावाचा योद्धा घेतला आणि त्याला घोड्याऐवजी म्हैस मागितली. म्हैस पुस्तकात नव्हती. ड्रेसर म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्यानं म्हैस पाह्यली नसंल, त्यात आपला काय गुन्हा?

त्या पुस्तकात एक नियम होता. राक्षसाच्या फाशावर वीस पडला की घाव वर्मी बसला, समोरचं पात्र जागीच मेलं. मलम नाही, मंत्र नाही, पुन्हा फासा टाकणं नाही. नको असल्यास हा नियम सोडून द्यावा, असंही खाली लिहिलं होतं. बाबाराव म्हणाले, फौरन सोडून द्या. सिस्टरांनाही तो जरा कठोर वाटला. ड्रेसर एकटे म्हणाले, ठेवा.

"आख्ख्या नोकरीत जागीच गेलेलं जनावर मी क्वचित पाह्यलं," ते म्हणाले. "बाकीची पडून राहतेत. मालक पाणी पाजतोय, अंगारा लावतोय, दिसभर माश्या हाकलतोय. खेळात तरी सुखानं मरू द्या की."

नियम राहिला. पहिल्याच रविवारी बाबारावांचा चोर भुयाराच्या तोंडाशी एका विंचवानं जागीच मारला. बाबारावांचा चहा अजून बशीत होता. ते मोंढ्यात घासाघीस करावी तसे भिडले. इन्साफ करा म्हणाले, पूर्ण नको, अर्धा तरी जिवंत ठेवा. ड्रेसरांनी माझ्या हाताआड वाकून फासा पाहिला. "गेलं," म्हणाले.

पण ड्रेसरांना एवढ्यावर भागवायचं नव्हतं. माणूस मेला आणि लगेच दुसरा चोर काढून बसला, हे त्यांना पटेना. त्यांनी सुतक लावलं. ज्याचं पात्र मेलं त्यानं पुढचा रविवार खेळायचं नाही. बसायचं, बोलायचं नाही, सगळ्यांना चहा ओतायचा आणि शेवटी जिलबी खाऊ घालायची. सिस्टर म्हणाल्या, आमच्यात सुतक पाळत नाहीत, पण चहा ओतीन. बाबारावांचे चोर इतक्या वेळा मेले की जिलबीवाला त्यांना बघताच पुडा बांधायला घ्यायचा. एकदा सुतकात असताना त्यांना राहवलं नाही. सिस्टर चुकीच्या दारानं चालल्या होत्या, तर ते किटली हातात धरून नुसत्या भुवया उडवू लागले. ड्रेसरांनी सुतक आणखी एक रविवार वाढवलं.

मी फासा हाताच्या आडोशाला टाकायचो, कारण पुस्तकात तसं लिहिलं होतं. ड्रेसरांना ते आवडायचं नाही. "सर, उघड्यावर टाका," ते म्हणायचे. "मेलं तर मेलं सांगावं. मालकाला झोप तरी लागती." शेवटी मी उघड्यावर टाकू लागलो.

पुढं ड्रेसरांच्या पोटात दुखू लागलं. नांदेडला तपासण्या झाल्या, ऑपरेशन ठरलं. त्यांनी आम्हाला ते म्हशीच्या बाजारभावासारखं सांगितलं. डॉक्टर लय गोड बोलायलाय, म्हणाले, म्हणजे काही खरं न्हाई. त्याच्या हिरड्या बघायची गरज पडली न्हाई. नांदेडला जाण्याआधी त्यांच्या हातात दोन रविवार होते.

त्यातल्या पहिल्या रविवारी देवळातल्या खांबातून एक दगडी राक्षस उतरला. बाबारावांचा चोर खांबामागे दडला. सिस्टरांचे मंत्र संपले होते. सोपान वीर म्हशीवरून पुढे झाला. मी राक्षसाचा फासा टाकला, तो सतरंजीवरून घरंगळला आणि माझ्या पुढ्यातल्या चिवड्याच्या परातीत पडला. ड्रेसर उशीला टेकून बसले होते, उठायची ताकद नव्हती. एरवी ते स्वतः वाकून बघत. त्या दिवशी म्हणाले, "सर, तुमीच वाचा."

शेंगदाण्यांमध्ये फासा पडला होता आणि वर वीस होता.

मला एकच दिसत होतं. हा आकडा मी वाचला, तर पुढच्या रविवारी हा माणूस स्वतःच्याच नियमानं गप्प बसून चहा ओतणार. तो कुणाचं ऐकणार नाही. आणि त्यानंतर रविवार नाही. मी फासा उचलला, पुसला आणि म्हणालो, "बारा. खांद्याला लागलं."

ड्रेसर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहतंय म्हणता?"

"राहतंय," मी म्हणालो.

पुढचा रविवार आम्ही कुणी विसरणार नाही. भुयाराच्या तळाशी आग ओकणारा अजगर होता. बाबारावांचा नेहमीप्रमाणे पळ काढून झाला. सिस्टर मंत्र शोधत होत्या. सोपान वीर म्हशीवरून उतरला आणि म्हणाला, थांबा, आधी ह्याच्या हिरड्या बघू. मी फासा टाकायला लावला. जमलं. अजगरानं तोंड उघडलं, सोपाननं आत डोकं घालून पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं की याला पोटफुगी झालीय, आग कशाची, तो गॅस हाय. मग सोपाननं स्वतः अजगराचं डोकं धरलं, कुठं सुई टोचायची ते दाखवलं आणि सिस्टरांच्या हातून पोटातली हवा काढवली. अजगर रडला. सोपान वीराला त्यानं एक डोंगर बक्षीस दिला. ड्रेसर पोट धरून हसत होते, आणि ते दुखण्यामुळं की हसण्यामुळं, ते त्यांनी कळू दिलं नाही.

ऑपरेशननंतर मी नांदेडला भेटायला गेलो. आवाज बारीक झाला होता. घरचे बाहेर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"त्या दगडी राक्षसाचा किती पडला होता, सर?"

"सांगितलं की. बारा."

"हिरड्या दाखवा."

मी हसण्यावारी नेलं. तोंड मिटून हसलो. त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाले, "बरं."

ड्रेसर परत आले नाहीत. परातीतलं खोटं मी प्रेमापोटी बोललो आणि त्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. पण दवाखान्यात त्यांनी सरळ विचारलं होतं. ज्या माणसानं उभ्या तालुक्याला सरळ सांगितलं, त्याला एकदा कुणीतरी सरळ सांगायला हवं होतं. ते सांगणारा मी होतो आणि मी गोड बोललो.

आमचा खेळ चालू राहिला. सोपान वीर डोंगरावर राहतो असं ठरलं. बाबाराव अडचणीत आले की हमखास त्याला हाक मारत, आणि तो अजगरावर बसून येई. त्याला मरण नाही, अशी भुयारात ख्याती झाली. दर वेळी मी मान खाली घालून पुस्तक चाळायचो. परवाच्या रविवारी बाबारावांनी त्याला पुन्हा हाक मारली, तेव्हा मी फासे खाली ठेवले आणि सांगून टाकलं. सोपान वीर येणार नाही. तो दगडी राक्षसाच्या हातून जागीच मेला. वीस पडला होता.

बाबारावांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग बाबाराव म्हणाले की म्हणजे अजगराला मेलेल्या माणसानं सुई मारली? सिस्टर म्हणाल्या की सुई मी धरली होती, अजगर बरा झालेला आहे, तो काही आता परत फुगणार नाही. डोंगर कुणाचा यावर थोडी बाचाबाची झाली. शेवटी असं ठरलं की सोपानचं सुतक राहून गेलंय आणि ते धरायला ड्रेसर नाहीत, म्हणून मी धरायचं. गप्प बसायचं, चहा ओतायचा, जिलबी आणायची. किती रविवार, ते कुणी सांगितलं नाही.

"पण खरंच वीस होता ना?" बाबाराव म्हणाले. "हिरड्या दाखवा."

मी तोंड उघडलं. बाबाराव चष्मा वर करून वाकले. "ही तर कवळी हाय. काढा."

मी कवळी काढून बशीत ठेवली. दोघांनी आळीपाळीनं आत पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. मग बाबाराव मागे सरून बसले आणि हळूच म्हणाले, "आपल्याला कुठं कळतंय त्यातलं."

मी कवळी परत बसवली आणि चहा ओतायला घेतला. आम्ही तिघंच होतो. कप ओतले चार.