पहिली कॅसेट

८ मार्च. मिक्सर घेऊन रोह्याहून पेणला, नेहमीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. हा माणूस बोलताना बोटांनी टेबलावर ठेका धरतो. एके काळी त्याने याच खोलीत रॉक अँड रोलच्या कॅसेटची कंपनी चालवली.

"ऐकायचं कोण?" मी विचारलं.

"धरमतरच्या खाडीतले बार्जवाले. आणि भांडायला शेजारी. पण पहिली कॅसेट माझ्याकडंच नाय. कुणाकडंच नाय."

ती माझ्याकडे होती, वर १ आकडा छापलेली. पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून ठेवलेल्या भोकावर चिकटपट्टी लावून मी तिच्यावर मुलीचे पाढे भरले होते. तसं सांगून टाकलं.

ठेका थांबला. "दोन्ही बाजूंना, ताई?"

"एकाच. पाढे एकोणतीसपर्यंतच येत होते."

९ मार्च. सकाळी माळ्यावरून कॅसेट काढली आणि पहिल्या गाडीने पेणला गेले.